रात्रपाळीचा एकटा सर्व्हर

प्रश्न : मी एका दूध संघाचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक सहायक. सकाळ-संध्याकाळचे संकलन, फॅट-एसएनएफवरून (दुधातील स्निग्धांश आणि इतर घन घटक) दर, पशुखाद्याची आणि उचलीची कपात, दर दहा दिवसांचे बिल, बँकेला जाणारी फाइल ही रात्रीची कामे आजवर क्रॉनवर चालली. आता शेड्यूलर घ्यायचे ठरले आहे. पुरवठादार म्हणतो, फेलओव्हर नसेल तर लावूच नका, दोन सर्व्हर घ्या. संचालक मंडळाने पैसे मंजूर केलेत एकाचे. एकटा सर्व्हर लावणे खरेच इतके धोक्याचे आहे का? लावायचाच तर काय सांभाळायचे? आणि क्रॉनने असे काय बिघडवले होते?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : क्रॉनने काही बिघडवलेले नाही, म्हणून आधी त्याला न्याय देऊ. 1979 सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता आणि आजही बहुतेक लिनक्स यंत्रांवर आहे. तो गजराचे घड्याळ आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने भरायचे, आणि त्या वेळेला तो काम उठवतो. उठलेले काम पुढे चालले की आडवे झाले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे आपण अंदाजाने वेळा लावतो : संकलनाच्या फाइली रात्री दहाला, दर साडेदहाला, कपात अकराला. एके रात्री चार गावांच्या संस्थांना रेंज नसते, फाइली उशिरा येतात, आणि साडेदहाचा दराचा जॉब हाती आलेल्या अर्ध्याच दुधावर चालून मोकळा होतो. अकराला लाइट गेली तर कपातीचा जॉब त्या रात्री होतच नाही, आणि झाला नाही हेही कोणी सांगत नाही. (चुकलेले काम नंतर उरकणारा ॲनाक्रॉन नावाचा त्याचा भाऊ आहे, पण त्याचे माप दिवसाचे. तास-मिनिटे त्याला कळत नाहीत.) शिवाय एक जुनी खोड आहे. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर दोन्ही जुळण्याची वाट क्रॉन पाहत नाही. एक जुळले तरी जॉब सोडतो. '11 तारीख आणि सोमवार' असे लिहिणाऱ्याचे बिल दर सोमवारी निघते.

शेड्यूलर वेळेबरोबर नातेही पाहतो. सगळ्या फाइली आल्या की दर, दर नीट लागले की कपात, कपात झाली की बिल. मध्ये काही अडले तर पुढचे थांबव आणि माणसाला उठव. कंट्रोल-एम, ऑटोसिस, आयबीएमचा वर्कलोड शेड्यूलर अशी नावे वेगवेगळी असली तरी सांगाडा सारखाच. एक मेंदू, जो पुढे काय करायचे ते ठरवतो. एक वही, म्हणजे डेटाबेस, जिच्यात कोणता जॉब कोणत्या अवस्थेत आहे ते लिहिलेले असते. आणि प्रत्यक्ष कामाच्या यंत्रांवर बसवलेले हात, त्यांना एजंट म्हणतात. तुमचा एकटा सर्व्हर म्हणजे मेंदू आणि वही एकाच खोक्यात.

फेलओव्हरमध्ये दुसरा मेंदू शेजारी बसून पहिल्याची नाडी पाहत असतो. ऑटोसिसमध्ये त्याला शॅडो शेड्यूलर म्हणतात. पहिला गेला की हा कामाला लागतो. ऐकायला सोपे आहे, पण दोघांमधली केबल तुटली तर? पहिला जिवंत असतो, दुसऱ्याला वाटते तो गेला. दोघेही कामाला लागले तर एकाच शेतकऱ्याची कपात दोनदा. हे भांडण मिटवायला ऑटोसिसमध्ये टाय-ब्रेकर नावाचा तिसरा शेड्यूलर असतो, त्याचे काम फक्त कौल देण्याचे. वहीचीही जोडी हवी असेल तर आणखी एक डेटाबेस. म्हणजे पुरवठादाराचे 'दोन' नीट लावायचे म्हटले तर दोनाचे तीन, तिनाचे चार होतात, आणि ते सांभाळायला तुम्ही दोघेच. एकट्या सर्व्हरला हा एक आजार कधीच होत नाही, हे मंडळाला जरूर सांगा.

फेलओव्हर कशापासून वाचवतो तेही नेमके पाहू. पॉवर सप्लाय जळणे, मदरबोर्ड जाणे, यंत्र गोठणे एवढ्यापासून. चुकीने लिहिलेला जॉब, पुसला गेलेला तक्ता, फसलेले अपग्रेड हे सगळे तो इमानाने दुसऱ्या यंत्रावरही पोहोचवतो, कारण वही एकच असते किंवा एकीची नक्कल दुसरी असते. जून 2012 मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीच्या बॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे अपग्रेड केले गेले. त्यात अडचणी दिसल्या म्हणून ते काढून टाकले, आणि काढून टाकल्यावर काय होईल याची चाचणी मात्र घेतली नव्हती. नॅटवेस्ट, आरबीएस आणि अल्स्टर बँक मिळून ब्रिटनमधल्या 65 लाखांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार अडकले. अल्स्टर बँकेचे तर जुलैपर्यंत रखडले. नोव्हेंबर 2014 मध्ये ब्रिटनच्या दोन नियामकांनी मिळून 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. एवढ्या मोठ्या बँकेकडे यंत्रे कमी होती म्हणून हे घडले नाही.

आता तुमच्या रात्रीचा हिशोब. संध्याकाळच्या फाइली नऊपर्यंत येतात आणि बँकेची फाइल सकाळी अकराच्या आत जायची असते असे धरतो. तुमच्या वेळा तुम्ही घाला. हाती चौदा तास. बॅच सगळी मिळून तीन तास चालत असेल तर अकरा तासांची सवड आहे. एवढ्या वेळात दुसऱ्या यंत्रावर शेड्यूलर नव्याने उभा करून बॅच चालवता येत असेल तर एकटा सर्व्हर चालेल, आणि मी तोच लावीन. हेच तुम्ही बँकेचा पेमेंट स्विच चालवत असता तर म्हणालो असतो, पैसे नसतील तर कर्ज काढा पण जोडी घ्या. कारण बँकेला आता रात्रच उरलेली नाही. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला 48 बॅच. तिथे अर्धा तास गेला तर एक अख्खी बॅच हुकते. दुधाला सुदैवाने रात्र आहे.

टक्क्यांच्या भाषेत कोणी घाबरवले तर गणित हाताशी असू द्या. वर्षाचे तास 8,760. सर्व्हर 99 टक्के वेळ चालू राहिला तर वर्षात सुमारे 88 तास बंद, 99.9 टक्के म्हटले तर पावणेनऊ तास. आणि मेंदू एका यंत्रावर, वही दुसऱ्यावर असे ठेवले, दोन्ही 99 टक्क्यांची, तर दोन्ही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण 98.01 टक्के, म्हणजे बंद तास जवळजवळ दुप्पट, 174. म्हणून फेलओव्हर नसताना वही मेंदूपाशीच ठेवा. 'डेटाबेस नेहमी वेगळ्या सर्व्हरवर' हा नियम मोठ्या घरचा आहे. शेड्यूलर मात्र बिलिंगच्या सर्व्हरवर बसवू नका. बिलिंगचा एखादा अहवाल मेमरी खाऊन बसला की मेंदूही गुदमरतो.

बसवतानाच्या गोष्टी. यंत्राला त्याच्या खऱ्या नावाने किंवा आयपी पत्त्याने कुठेही ओळखू नका. डीएनएसमध्ये एक टोपणनाव घ्या आणि सगळ्या एजंटांना तेच सांगा. उद्या यंत्र बदलले तर टोपणनाव नव्या यंत्राकडे वळवायचे, वीस एजंटांच्या फाइली उघडत बसायचे नाही. फायरवॉलमध्ये रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा लागतो : सर्व्हर एजंटला काम सांगतो, आणि एजंट काम झाल्याचा निरोप उलट पाठवतो. जाण्याचाच रस्ता उघडला, येण्याचा विसरला, तर जॉब सुरू होतो, प्रत्यक्षात संपतोही, पण पडद्यावर रात्रभर 'रनिंग' दिसत राहतो. पहिल्या आठवड्यातली निम्मी डोकेदुखी यातूनच येते. यंत्र चालू होताना आधी डेटाबेस, मग शेड्यूलर हा क्रम पक्का करा. लॉगना वेगळी डिस्क द्या आणि जुने लॉग उडवणारा जॉब पहिल्याच दिवशी लावा. डिस्क भरून मेलेले शेड्यूलर मी जितके पाहिलेत तितके वीज पडून मेलेले पाहिले नाहीत.

घड्याळाचे जरा सविस्तर, कारण क्लाउडवर यंत्र घेतले तर ते बहुधा यूटीसीवर येते. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्या 1 तारखेच्या रात्री साडेबाराला त्या यंत्रावर आदल्या दिवसाचे सायंकाळचे सात वाजलेले असतात आणि आदला महिना चालू असतो. 'महिन्याच्या पहिल्या दिवशी' असे लिहिलेला जॉब त्या घटकेला गप्प बसतो. जॉबच्या व्याख्येत भारतीय वेळ स्पष्ट लिहा. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलण्याची भानगड नाही, त्यामुळे एवढे केले की पुरते. बिलाच्या कॅलेंडरलाही 'दर दहा दिवसांनी' असे सांगू नका. तुमचा तिसरा पंधरवडा – दहावडा म्हणू या – 21 पासून महिनाअखेरपर्यंत चालतो. तो कधी दहा दिवसांचा, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. 1, 11 आणि 21 या तारखाच घाला.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः तोंडावर आपटलो आहे ते. अनेक वर्षांपूर्वी एका कंपनीत आमच्याकडे असाच एकटा शेड्यूलर होता, व्हर्च्युअल यंत्रावर. सोमवारी रात्री बॅच जवळजवळ उरकल्यावर ते यंत्र बसले. मंगळवारी सकाळी आम्ही रविवार संध्याकाळचा स्नॅपशॉट उठवला. दहा मिनिटांत सगळे हिरवे. आम्ही एकमेकांचे कौतुक करत चहाला गेलो. इकडे जागा झालेल्या मेंदूने घड्याळ पाहिले तर मंगळवार, वही उघडली तर रविवारची संध्याकाळ. त्याच्या लेखी दोन रात्रींची सगळी कामे राहून गेली होती. त्याने कामचुकारपणा न करता ती सुरू केली. चहा संपायच्या आत ग्राहकांना दुसऱ्यांदा बिले गेली, आणि पुढचा आठवडा माफीची पत्रे पाठवण्यात गेला. सर्व्हर परत आणणे हे आमच्या लेखी काम होते. वहीतली वेळ कुठे थांबली आहे हे विचारायचे असते, हे कोणालाच सुचले नव्हते. मलाही नाही.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. एकटा शेड्यूलर पडून पुन्हा उठला की त्याने हात बांधून उठायचे. ऑटोसिसमध्ये 'ग्लोबल ऑटो होल्ड' नावाची सोय यासाठीच आहे : शेड्यूलर चालू होतो, पण माणसाने सोडल्याशिवाय जॉब सोडत नाही. इतरांतही वेगळ्या नावाने असे काही असते, पुरवठादाराला पहिल्याच बैठकीत विचारा. लाइट जाऊन आल्यावर आपोआप सगळे सुरू व्हावे असे वाटणे साहजिक आहे. सर्व्हर, डेटाबेस, शेड्यूलर आपोआप उठू द्या. जॉब मात्र हाताने सोडा. त्यासाठी रात्री दोनला सहायकाला उठवावे लागले तरी चालेल.

उठलेल्या त्या सहायकाला एक फरक पाठ हवा. ऑटोसिसमध्ये जॉब थांबवण्याच्या दोन तऱ्हा आहेत, होल्ड आणि आइस. होल्डवर ठेवलेला जॉब थांबतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचेही थांबतात. आइसवर ठेवलेला जॉब थांबतो, पण पुढचे जॉब तो झाल्यासारखेच धरून चालू पडतात. कपातीचा जॉब अडला म्हणून घाईत आइसवर ठेवला, तर कपात न होता बिल निघते, बँकेची फाइल जाते, आणि उचल वसूल करायला पुढच्या बिलाची वाट पाहावी लागते. हा फरक मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. हसतील, हसू द्या.

मग प्रश्न उरतो तो हा, की कोणता जॉब पुन्हा चालवला तर चालतो. हे शेड्यूलर सांगत नाही, फेलओव्हरही सांगत नाही, ते तुम्हालाच बसून ठरवावे लागेल. सगळ्या जॉबांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे 'दोनदा झाले तर?' याचे उत्तर लिहा. दराचा जॉब फॅट आणि एसएनएफ वाचून दर नव्याने काढतो. तो दहादा चालवा, उत्तर तेच. बाकी राहिलेल्या उचलीतून 500 वजा करणारा जॉब दोनदा चालला तर बिलातून 1,000 जातात. यावर उपाय शेड्यूलरमध्ये शोधू नका, जॉबमध्येच करा : उत्पादकाचा क्रमांक आणि बिलाचा कालावधी मिळून एकच कपात-नोंद होऊ शकेल असे बंधन डेटाबेसमध्ये घाला. दुसऱ्यांदा चालवले की डेटाबेसच नकार देईल. बँकेच्या फाइलचा जॉब 'विचारल्याशिवाय कधीच नाही' या रकान्यात. तिथे आधी बँकेला फोन, पोच मिळाली का ते पाहायचे, मग हात लावायचा. उत्पादकांना जाणारे एसएमएस दोनदा गेले तर नुकसान नाही, फक्त सकाळी फोन घेत बसावे लागते.

ही यादी तयार असेल तर माझ्या मते तुमचे निम्म्याहून अधिक काम झाले. जोडी लावलेल्या कितीतरी ठिकाणी ही यादी नसते. तिथे दुसरा मेंदू उठतो खरा, पण अर्ध्यावर तुटलेल्या जॉबचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात आणि लोक तिसरी विसरतात. वहीचा बॅकअप, रोज बॅच सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. जॉबांच्या व्याख्या साध्या मजकुराच्या रूपात. ऑटोसिसमध्ये ऑटोरेप ही कमांड त्या काढून देते, आणि त्या वाचता येतात, कालच्याशी ताडून पाहता येतात, डेटाबेस नसला तरी नव्या यंत्रावर भरता येतात. तिसरी म्हणजे किल्ली. शेड्यूलर जे पासवर्ड साठवतो ते कुलूपबंद असतात, आणि त्या कुलपाच्या किल्लीची फाइल अनेकदा डेटाबेसबाहेर असते. वही परत आणली आणि किल्ली जुन्या यंत्राबरोबर गेली, तर एकही जॉब एजंटपाशी लॉगिन करू शकत नाही. तिन्ही गोष्टी दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवा. शीतकरण केंद्रावर एखादा संगणक असेलच.

एकट्यावर लक्ष ठेवायला बाहेरचा कोणी लागतो, कारण मेलेला शेड्यूलर 'मी मेलो' असा एसएमएस पाठवू शकत नाही. दर दहा मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर वेळ लिहून येणारा एक क्षुल्लक जॉब लावा. ती वेळ पंचवीस मिनिटांहून जुनी झाली की दुसऱ्या यंत्राने तुमच्या फोनवर ओरडायचे. ही पाळत ठेवायला नवे सॉफ्टवेअर नको. क्रॉन रिकामा झाला आहे, त्याला तिथे नोकरी द्या.

जाता जाता एक, आयबीएमचा शेड्यूलर घेणार असाल तर. त्यात एजंटाची एक जात अशी आहे की दिवसभराच्या योजनेची प्रत ती आपल्यापाशी ठेवते. योजनेच्या त्या फाइलला तिथे सिम्फनी म्हणतात. मुख्य सर्व्हर पडला तरी असा एजंट आपल्या यंत्रापुरती कामे त्या दिवसाच्या योजनेप्रमाणे करत राहतो. एकट्या सर्व्हरवाल्याला ही सोय दुसऱ्या मेंदूपेक्षा स्वस्तात बरीच पुरते. दर विचारताना तिचाही विचार करा.

मंडळापुढे जाताना मंजूर पैशांतून दोन गोष्टी मात्र अडून मागा : चांगला यूपीएस, आणि वेळ पडली तर शेड्यूलर उतरवता येईल असे एक जुनेपाने पण चालू यंत्र. ते बंद ठेवा. जाळ्याला जोडून चालू ठेवले तर एखाद्या रात्री कोणी चाचणीसाठी बॅकअप त्यावर उतरवेल आणि ते तुमच्या खऱ्या एजंटांना कामे सांगू लागेल. वरची बिलांची गोष्ट पुन्हा, वेगळ्या वाटेने.

आणि येत्या 21 तारखेचे बिल लागायच्या आत एक रंगीत तालीम घ्या. दुपारच्या वेळी, एजंटांची केबल काढून, त्या जुन्या यंत्रावर बॅकअपमधून शेड्यूलर उभा करा. तुम्ही हात लावू नका, सहायकाला करू द्या, कारण तो प्रसंग येईल तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी लग्नात असाल. घड्याळ लावून बसा. पहिल्या खेपेला बहुधा पाच-सहा तास जातील आणि किल्लीची फाइल सापडणार नाही. दुसऱ्या खेपेला किती लागले ते मला कळवा. तीन तासांच्या आत आले असेल तर तो आकडा मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुरवठादाराला एका सर्व्हरची ऑर्डर द्या.